एकोणसाठ हजारांच्या आत

वर्षाचं उत्पन्न 59 हजार रुपयांच्या आत असेल, तर महाराष्ट्रातल्या शहरात राहणाऱ्या कुटुंबाचं नाव रेशनच्या धान्यासाठी घेता येतं. खेड्यासाठी ही मर्यादा 44 हजार आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 साली आला, तेव्हा राज्याने ठरवलेले हे आकडे. 59 हजारांना बाराने भागा, महिन्याचे पाच हजारही भरत नाहीत. आणि हे माणशी नाही, अख्ख्या घराचं. मी मानखुर्दला राहते. आमच्या खोलीचं भाडंच साडेपाच हजार आहे. म्हणजे मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने आधी हे सिद्ध करायचं की त्याची कमाई त्याच्या भाड्याहून कमी आहे.

आम्ही ते सिद्ध केलं. कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण वस्तीतल्या बायका फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे येतात आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो: कार्ड आहे, मग धान्य का नाही?

आमचं कार्ड केशरी. केशरी कार्ड दोन तऱ्हेचं असतं हे पुष्कळांना दुकानात गेल्यावरच कळतं. एकावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असतो, त्याला धान्य चालू. दुसरं नुसतंच केशरी. ते दवाखान्यात दाखवता येतं, पण दुकानदार त्यावर दाणाही देऊ शकत नाही. आमचं दुसऱ्या तऱ्हेचं होतं. 2020 च्या टाळेबंदीत हा फरक पोटाला कळला. ज्यांचं धान्य चालू होतं त्यांना एप्रिलपासून माणशी 5 किलो जादा आणि फुकट मिळू लागलं. नुसत्या केशरीवाल्यांना राज्य सरकारने मे आणि जूनमध्ये गहू 8 रुपये आणि तांदूळ 12 रुपये किलोने दिला. त्याचा आधार झाला, हे खरंच सांगते. पण नंतर टाळेबंदी लांबत गेली. शिवभोजन थाळी तेव्हा 5 रुपयांना होती, तिच्या रांगेत आमच्या गल्लीतले असे लोक उभे राहिले, ज्यांनी तोवर कुणापुढे हात पसरला नव्हता.

तरीही त्या वर्षी आम्ही धान्यासाठी अर्ज केला नाही. नवरा बांधकाम मजुरांच्या नाक्यावर जात होता. काम मिळेल त्या दिवशी सातशे-आठशे हातात. महिन्यातले पंधरा दिवस जरी काम लागलं तरी वर्षाचे लाखाच्या वर जातात. लाखाच्या वर उत्पन्न म्हणजे नियमाने पांढरं कार्ड. कागदावर आम्ही गरीब नव्हतोच.

2022 च्या मे महिन्यात तो परांचीवरून पडला. मणक्याला मार लागला. महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, जीव वाचला, पाय वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही. ज्या ठेकेदाराच्या कामावर होता त्याने पहिल्या आठवड्यात काही पैसे दिले, मग फोन उचलणं बंद केलं. बांधकाम कामगारांसाठी तेव्हा 1996 चा कायदा होता, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर त्यासाठीच घेतात. पण मंडळात नोंद व्हायला वर्षातले 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज नवा माणूस बोलावतो, दोन दिवस काम देतो आणि जातो. नव्वद दिवसांचा कागद कुणाकडून आणायचा? ज्याच्या अंगाला रोज सिमेंट लागतं त्याचीच नोंद होत नाही, हे मला अजून पटत नाही.

पुढचं वर्ष माझ्या मशीनवर निघालं. पीसवर शिलाई, काज-बटण, धागे कापणं, सगळं मिळून महिन्याचे तीन हजार. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं. तेव्हा पहिल्यांदा आमचं घर सरकारच्या आकड्यात बसलं.

सुरुवात पत्त्यापासून झाली. कार्ड जुन्या खोलीच्या पत्त्यावर होतं, गोवंडीच्या. नव्या पत्त्यासाठी घरमालकाचं संमतीपत्र हवं. मालक माणूस वाईट नाही, भाड्यासाठी त्याने कधी तोंड टाकलं नाही. पण या कागदाला तो तयार होईना. त्याची भीती मला समजत होती. झोपडपट्टीत पुनर्वसनाची योजना आली की परिशिष्ट-2 म्हणून पात्र झोपडीधारकांची यादी तयार होते. त्या यादीसाठी जो तो जुनी कागदपत्रं जपून ठेवतो. भाडेकरूच्या नावाने त्याच पत्त्यावर कार्ड असेल तर उद्या तो हक्क सांगेल, असं प्रत्येक मालकाला वाटतं. म्हणून मुंबईच्या वस्त्यांत भाडेकरू वर्षानुवर्षं राहतात आणि कागदावर कुठेच नसतात. झोपडीच्या मालकाला निदान फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र आहे, वीजबिल आहे. भाडेकरूला यातलं काहीच नाही, आणि या शहरात सगळ्यात तळाशी तोच असतो. शेवटी सासूबाई स्वतः मालकाकडे गेल्या. ‘खोली तुझी, ती तुझीच राहील, मी लिहून देते. माझ्या नातवंडांच्या दाण्याला आडवा येऊ नको,’ म्हणाल्या. त्याने तिथल्या तिथे सही केली.

मग उत्पन्नाचा दाखला. सगळ्यात जास्त दम इथे लागला. नोकरदाराकडे पगाराची पावती असते. आमच्यासारख्याने स्वयंघोषणापत्र द्यायचं आणि तहसील कार्यालयाने चौकशी करून दाखला द्यायचा. मी वहीत महिनावार हिशोब लिहून नेला होता. एप्रिलमध्ये नवऱ्याने आणलेले बारा हजार. मेपासून जानेवारीपर्यंत काही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका इमारतीवर रखवालीचं बदली काम, त्याचे दहा हजार. माझे वर्षाचे छत्तीस. एकूण 58 हजार.

टेबलामागच्या माणसाने वही नीट वाचली. मग विचारलं, ‘ताई, भाडं साडेपाच हजार सांगता. वर्षाचे 66 हजार झाले. कमाई 58. मग भाडं कुठून भरलं आणि खाल्लं काय?’

प्रश्न बरोबर होता. त्याच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. मी सांगितलं. चार महिन्यांचं भाडं मालकाने डिपॉझिटमधून वळतं केलं. भावाने जालन्याहून सोयाबीन विकल्यावर पैसे पाठवले. बचत गटातून कर्ज उचललं, ते अजून फिटायचं आहे. गळ्यातलं आधीच गेलं होतं. दुकानदाराची उधारी वेगळी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, ते धरता येत नाही. पण वरून कुणी विचारलं तर मला उत्तर द्यावं लागेल, तेव्हा हे सगळं घोषणापत्रात लिहा.’ लिहिलं. भावाचे किती, गटाचे किती, सोनाराचे किती. आपल्या घराची पडझड सरकारी कागदावर ओळीओळीने लिहिताना हात थांबत होता. दाखला मिळाला. आम्ही मर्यादेच्या एक हजार खाली होतो.

बाकीचे कागद तुलनेने सोपे. सगळ्यांचे आधार, सासूबाईंचा फोटो, हमीपत्र. या कायद्यात घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. कार्डावर आधी नवऱ्याचं नाव पहिलं होतं, ते बदलून सासूबाईंचं झालं. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली बाई ती. कुठल्याही सरकारी कागदावर तिचं नाव पहिलं यायची ती पहिलीच वेळ. कायद्यातलं हे कलम ज्यांनी कुणी लिहिलं असेल, त्यांनी फार चांगलं काम केलं.

अर्ज दिला, पोच घेतली. शिधावाटप कार्यालयातल्या साहेबांनी कागद तपासले. सगळे पूर्ण होते. मग ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही पात्र आहात. पण इष्टांक शिल्लक नाही.’

इष्टांक म्हणजे ठरवून दिलेला कोटा. इतक्या माणसांना धान्य द्यायचं, त्याच्या वर एकालाही नाही. साहेबांनी मला बसवून समजावलं, ही त्यांची भलाई. मागे लाइन होती, तरी त्यांनी वेळ दिला. केंद्राने राज्याला आकडा दिला, राज्याने तो जिल्ह्यांना आणि शिधावाटप क्षेत्रांना वाटला, तिथून कार्यालयांना आला. एखाद्या लाभार्थ्याचा मृत्यू झाला, कुणी गाव बदललं, कुणाचं उत्पन्न वाढलेलं तपासणीत सापडलं, की नाव कमी होतं. तेवढीच जागा मोकळी होते. मग वाट पाहणाऱ्यांतल्या कुणाला तरी घेता येतं. ‘माझ्या हातात असतं तर आजच चालू केलं असतं,’ ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

मी घरी आले आणि हा आकडा आला कुठून ते शोधत बसले. मोबाइलवर रात्री वाचायचं, दिवसा शिवायचं. अन्नसुरक्षा कायद्यात देश पातळीवर ग्रामीण भागात 75 टक्के आणि शहरी भागात 50 टक्के लोकसंख्या धरली आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं ग्रामीण 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के. राज्यात मिळून सात कोटी माणसं. ही टक्केवारी लावली 2011 च्या जनगणनेच्या लोकसंख्येला. 2021 ची जनगणना झालीच नाही, आता ती 2027 मध्ये व्हायची आहे. माझी धाकटी मुलगी 2015 ची. तिच्या जन्माच्या आधी मोजलेल्या माणसांत तिच्या वाटणीचे पाच किलो बसवायचे आहेत.

2011 च्या त्या जनगणनेतही मुंबईच्या 1 कोटी 24 लाख लोकांपैकी सुमारे 42 टक्के झोपडपट्टीत होते. आणि झोपडपट्ट्याही सगळ्या एकसारख्या नाहीत. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेच्या 24 वॉर्डांत सगळ्यात खाली होता आमचा एम-पूर्व, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार. इथे डंपिंग ग्राउंड आहे, शहरातून उठवलेल्यांच्या पुनर्वसन इमारती आहेत. मुंबईने जे जे आपल्या नजरेआड केलं ते इथे आणून ठेवलं. अशा ठिकाणी पात्र माणसं जास्त असणार हे सांगायला नवा अहवाल नको.

59 हजारांचा आकडाही त्याच काळातला. नियोजन आयोगाने 2013 मध्ये तेंडुलकर समितीच्या पद्धतीने दारिद्र्यरेषा जाहीर केली होती, शहरात माणशी महिना 1000 रुपये. पाच माणसांचे पाच हजार, वर्षाचे साठ. आमची मर्यादा जवळजवळ तीच. पुढच्याच वर्षी रंगराजन समितीने शहरासाठी 1407 रुपये सांगितले. त्या हिशोबाने पाच जणांच्या घराचे वर्षाला 84 हजारांवर जातात, आणि तेही 2011-12 च्या भावाने. रेशनची मर्यादा मात्र मी अर्ज केला त्या दिवशीही 59 हजारच होती. शिवाय ती लातूरला, मालेगावला, मुंबईला सारखीच. मुंबईच्या भाड्याचा विचार त्यात कुठेच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये केंद्राला सांगितलं की वाढलेल्या लोकसंख्येचा विचार करून आणखी लोकांना सामावून घ्या. एप्रिल 2023 मध्ये ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंद असलेल्या, पण रेशनकार्ड नसलेल्या सुमारे 8 कोटी कामगारांना तीन महिन्यांत कार्ड द्या असा आदेश दिला. मार्च 2024 मध्ये तोच आदेश पुन्हा द्यावा लागला, दोन महिन्यांच्या मुदतीने. नवऱ्याचं ई-श्रम कार्ड मी स्वतः काढलं आहे. ते प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलं आहे.

मध्ये एकाने पैसे देऊन काम करून देतो म्हटलं. कार्यालयाच्या बाहेर असे लोक फिरतात. त्याला हाकलला. जागाच नसेल तर तो ती कुणाच्या तोंडातून काढणार होता?

मग मी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि इतकंच विचारलं: या कार्यालयाचा इष्टांक किती, त्यापैकी भरलेला किती, प्रतीक्षेतले अर्ज किती, जागा मोकळी झाली की कुठल्या क्रमाने देता. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं. त्यात कोटा भरल्याचं होतं, क्रमाबद्दल मोघम लिहिलं होतं. अपील केलं. सुनावणीत मी एवढंच म्हणाले की, आमचा नंबर शेवटचा असला तरी चालेल, पण यादी भिंतीवर लावा. ते मान्य झालं. यादी लागली. आमच्या मागे-पुढे कोण आहे हे पहिल्यांदा लोकांना दिसलं. त्या यादीत एकटीच राहणारी एक म्हातारी होती, दोन वर्षं थांबलेली. दारात उभं राहून लोकांनी ठरवलं की तिचं आधी व्हायला पाहिजे, आणि तिचं आधी झालं.

या काळात शेजारच्या मावशींचं काम सहज झालं, ते इथे मुद्दाम सांगते. त्यांचं कार्ड बीड जिल्ह्यातलं, प्राधान्य शिक्क्याचं. त्या गावाकडचं नाव कमी करून मुंबईत नवं कार्ड काढायला निघाल्या होत्या. तसं केलं असतं तर गावची जागा गेली असती आणि इथे कोटा नाही. आता गावच्या कार्डावर मुंबईतल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य घेता येतं. कार्डाचा बारा अंकी नंबर आणि आधार जोडलेलं असलं की ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा. घरातले काही गावी आणि काही इथे असतील तर आपापल्या वाट्यापुरतं दोन्हीकडे उचलता येतं. मावशींचा अंगठा घासून घासून गुळगुळीत झालेला, मशीन घेत नव्हतं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने दिले तेव्हा लागला. गावचं कार्ड चालू असेल तर नाव कमी करण्याआधी दहा वेळा विचार करा.

आमचं धान्य 2024 मध्ये चालू झालं. आधी चौघांचं, मग काही आठवड्यांनी धाकटीचं नाव चढलं. तांदूळ आणि गहू मिळून माणशी 5 किलो, पाच जणांचे 25 किलो, 2023 च्या जानेवारीपासून फुकट. दुकानात हे घ्यायला गेलं तर हजाराच्या आसपास जातात. हजार रुपये म्हणजे माझी दहा दिवसांची शिलाई. पहिल्या महिन्यात त्यातून बचत गटाचा थकलेला हप्ता भरला. दुसऱ्या महिन्यात मोठ्याचे बूट. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंनी तूरडाळ आणायला लावली, आणि रोज पातळ होणारं वरण त्या आठवड्यात घट्ट झालं. ‘फुकट धान्याने लोक आळशी होतात’ असं म्हणणाऱ्यांना मी हा हिशोब दाखवते. आमच्या घरात त्या धान्याने कुणाचं काम सुटलं नाही. व्याज सुटलं.

नवरा आता पुन्हा उभा आहे. जड काम जमत नाही, पण रंगाऱ्याच्या हाताखाली जातो. नाक्यावर सकाळी आठपासून उभं राहायचं, दहापर्यंत कुणी बोलावलं नाही तर परत यायचं. सासूबाई म्हणतात, दुष्काळात आमच्या गावात काम मागितलं की सरकारला द्यावं लागायचं, तुमच्या एवढ्या मोठ्या शहरात ते का नाही? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. रोजगार हमी महाराष्ट्रानेच देशाला दिली. केरळने 2010 मध्ये शहरांसाठी तशी योजना काढली, राजस्थानने 2022 मध्ये. मुंबईत नाले आहेत, शाळा आहेत, दरडी आहेत, डंपिंगवर वेगळा करायचा कचरा आहे. काम नाही असं इथे कुणी म्हणू शकत नाही.

आता पुन्हा कार्डांची तपासणी चालू आहे. उत्पन्न नव्याने लिहून द्यायचं आहे. नवऱ्याचे महिन्याला साधारण दहा हजार येतात, माझे तीन. वर्षाचे 1 लाख 56 हजार. बचत गटाचं कर्ज अर्धं फिटलं आहे, खोलीचं भाडं या वर्षी सहा हजार झालं. मी खरा आकडा लिहिणार आहे, आणि तो लिहिला की धान्य बंद होऊन कार्ड पांढरं होईल, हे मला माहीत आहे. फॉर्मच्या सोबत एक अर्जही लिहिला आहे, वस्तीतल्या बायकांच्या सह्यांचा, अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या नावाने. त्यात मागण्या आहेत: शहरातली मर्यादा आजच्या भावाने ठरवा, भाड्याच्या घरात राहणाऱ्याचं भाडं उत्पन्नातून वजा करा, आणि जनगणनेची वाट न पाहता इष्टांक वाढवा. सह्या अजून चालू आहेत. सोमवारी देणार.